ठेवणीतल्या कपबशा

दादरच्या एका ताईंनी विचारलंय: पाहुणे यायचे असले की सासूबाई म्हणतात, “ठेवणीतल्या कपबशा काढ गं.” कॉलेजातली लेक म्हणते, ‘चांगली क्रॉकरी’ म्हणा की सरळ. दोन्ही एकच का? आणि ही ‘ठेवण’ चेहऱ्याच्या ठेवणीतलीच का?

शेवटचं आधी. हो, तीच, दोन्ही ‘ठेवणे’वरून. नाकडोळे जसे ठेवलेत ती चेहऱ्याची ठेवण, आणि जपून बाजूला ठेवलेलं ते ठेवणीतलं. शालू ठेवणीतला असतो, गवयाची चीज ठेवणीतली असते, आणि भांडण पेटल्यावर बाहेर पडतात त्या शिव्याही ठेवणीतल्याच.

‘क्रॉकरी’ने भांड्याची फक्त जात कळते: चिनी मातीचं, फार तर काचेचं. रोजचा, टवका उडालेला मगसुद्धा क्रॉकरीच. ‘ठेवणीतलं’ला भांडं कशाचं याच्याशी देणंघेणं नाही, ते कधी बाहेर निघतं याच्याशी आहे. म्हणून चांदीची वाटी, काचेचा बाऊल आणि सोनेरी कडेची बशी एकाच शब्दात बसतात. मी सासूबाईंच्या बाजूचा.

वस्तू जुनी हवी, अशी मात्र अट नाही. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुने सुटे कप मिळतात. घेताना कपाचा कान धरून कडेवर नखाने टिचकी मारा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी बारीक तडा आहे. तर असा काल आणलेला कपही, रोजच्या चहाला काढायचा नाही असं ठरलं की, आजपासून ठेवणीतला. ‘राखीव’ कुणासाठी तरी असतं. ‘बेगमी’ संपवण्यासाठी असते. ठेवणीतलं वापरून, धुऊन, पुसून परत जागेवर जातं. वर्षानुवर्षं निघालंच नाही तर त्याला अडगळ म्हणतात, शोकेसमध्ये असलं तरी!

जाता जाता, ‘बशी’ पोर्तुगीज ‘बासिया’वरून आली, ‘कप’ इंग्रजी, ‘पेला’ फारसी ‘पियाला’वरून. ‘कपबशी’ हा जोड मात्र अस्सल आपला. ‘बोन चायना’तलं ‘बोन’ही अलंकारिक नाही, त्या मातीत खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते. इंग्लंडमध्ये १७९० च्या दशकात जोसाया स्पोडने ही कृती बसवली. कप उजेडासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते, ती या राखेची करामत. पण मुंबईत काही शाकाहारी घरांत बोन चायना चालत नाही. तेव्हा जैन शेजारी यायचे असतील तर ठेवणीतलं काढण्याआधी बशी उलटी करून मागचा शिक्का वाचा.

आणि लेकीला सांगा, ‘ठेवणीतली क्रॉकरी’ म्हटलं तरी मराठीला चालतं. ‘ठेवणीतलं’ तेवढं गाळू नको.