सी मध्ये मेसेज क्यू सुडोशिवाय तयार का होत नाही? तयार करणं आणि उघडणं यात फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे: लिनक्सवर १०० मेसेजची क्यू (एका प्रोग्रामने टाकलेले मेसेज दुसऱ्याने घेईपर्यंत सांभाळणारी रांग) सुडोने, म्हणजे सर्वाधिकारी रूट युजर होऊन, तयार होते, साध्या युजरने 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं, आणि दुसऱ्या प्रोग्राममधून तीच क्यू उघडायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. भाऊ, दोन्ही दुखणी एकाच ठिकाणची आहेत.

साध्या युजरला एका क्यूत जास्तीत जास्त १० मेसेज ठेवता येतात आणि एक मेसेज ८१९२ बाइटपर्यंतचा. हे मूळ सेटिंग. तुम्ही १०० मागितले म्हणून नकार आला. रूटला ही अट लागत नाही, म्हणून सुडोने काम झालं. पण त्यामुळे क्यू रूटच्या मालकीची झाली, आणि दुसरा प्रोग्राम साध्या युजरचा असल्याने दारातच अडला. सुडो सोडा. १० मेसेजवर बहुतेक कामं भागतात. नाहीच भागलं तर सिसकंट्रोल (sysctl, लिनक्सच्या सेटिंग बदलणारी कमांड) वापरून एमएसजी_मॅक्स ही मर्यादा वाढवून घ्या.

आता तयार करणं आणि उघडणं. फंक्शन एकच, एमक्यू_ओपन. नुसतं उघडायचं तर दोन आर्ग्युमेंट: नाव आणि फ्लॅग. तयार करायचं तर चार: नाव, ओ_क्रिएट असलेला फ्लॅग (त्याच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटचा ई नसतो), परवानगी आणि आकार सांगणारं स्ट्रक्चर. नावाची सुरुवात स्लॅशने करायची, पुढे दुसरा स्लॅश नको. खरी मेख अशी की ओ_क्रिएट दिलं आणि त्या नावाची क्यू आधीच असली, तर ती गुपचूप उघडली जाते आणि तुम्ही दिलेला आकार कोणी बघतही नाही.

मी यात एक अख्खा दिवस घालवलाय. आमच्याकडच्या एका जिनिंगवर काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की एक प्रोग्राम वजन वाचतो, दुसरा पावती छापतो, मधे क्यू. पावतीवर शेतकऱ्याच्या गावाचं नाव हवं होतं म्हणून मेसेज ६४ बाइटचा १२८ केला. कम्पाइल करून चालू केलं तर पाठवताना 'मेसेज टू लाँग'. कोडमध्ये तर १२८ च लिहिलेलं! प्रोग्राम चारदा बंद-चालू केला. बाहेर गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली, पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. रात्री लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला. सकाळी मशीन सुरू केली तर सगळं सुरळीत.

कारण नंतर उमगलं. क्यू प्रोग्रामच्या नाही, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ताब्यात असते. प्रोग्राम संपला तरी ती राहते. एमक्यू_अनलिंकने पुसेपर्यंत किंवा मशीन बंद होईपर्यंत. मी दिवसभर जुनी ६४ बाइटवालीच क्यू उघडत होतो.

तेव्हापासून क्यू तयार करायचा हक्क मी एकाच प्रोग्रामला देतो. तो ओ_क्रिएटसोबत ओ_एक्सलही लावतो, म्हणजे क्यू आधीच असेल तर 'फाइल एक्झिस्ट्स' असं उत्तर येतं. मग ती नुसती उघडायची, एमक्यू_गेटअ‍ॅटरने तिचा आकार बघायचा. जुना निघाला तर आतले मेसेज आधी वाचून घ्यायचे, मग अनलिंक करून नवी करायची. बाकीचे प्रोग्राम ओ_क्रिएट कधीच देत नाहीत. क्यू सापडली नाही तर सेकंदभर थांबून पुन्हा बघतात.

परवानगीतही एक खोच आहे. तुम्ही ०६६० (मालक आणि ग्रुप दोघांनाही वाचणं-पाठवणं) दिलं तरी यूमास्क (दिलेल्या परवानगीतून काय कापायचं ते सांगणारी सेटिंग) ०२२ असेल तर हाती ०६४० च उरतं, म्हणजे ग्रुपमधल्या दुसऱ्या युजरला वाचता येईल, पाठवता येणार नाही. क्यू तयार करण्याआधी यूमास्क ०००७ करून घ्या. आणि मेसेज घेताना बफर (मेसेज उतरवून घ्यायची जागा) क्यूच्या ठरलेल्या मेसेज आकारापेक्षा लहान ठेवू नका. आलेला मेसेज दहाच बाइटचा असला तरी 'मेसेज टू लाँग' येतं.

क्यू डोळ्यांनी बघायची असेल तर डेव्हच्या आत एमक्यू नावाचं (स्पेलिंग mqueue) फोल्डर बघा. बहुतेक सिस्टिमवर ते आधीच माउंट असतं. तिथे प्रत्येक क्यू फाइलसारखी दिसते. कॅट कमांडने ती वाचली की आत किती बाइट पडून आहेत तेही कळतं. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर पाच मिनिटांत सुटलो असतो.

एक गोष्ट मात्र आधीच करून ठेवा. लाइन गेली की क्यूतले मेसेज गेले. म्हणून वजन आधी डिस्कवर लिहायचं, एफसिंक करून ते खरंच डिस्कवर उतरवायचं, मगच क्यूत टाकायचं. भरल्या गाडीचं वजन एकदाच मिळतं. कापूस गंजीवर उतरला की ते पुन्हा घेता येत नाही.