एजंटने सुचवलेला स्वस्त कन्व्हेयन्सर (घरखरेदीचं कायदेशीर काम करणारा) घ्यावा का?

प्रश्न: आम्ही दोघं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. सहा मजली इमारतीत २ लाख ८५ हजार पौंडांचा लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचा) फ्लॅट घेतोय, लीज १०२ वर्षांची शिल्लक आहे. एजंटने सुचवलेली ऑनलाइन फर्म ६५० पौंड अधिक व्हॅट घेते, गावातला सॉलिसिटर १,३५० अधिक व्हॅट. दोन्ही कोट जोडले आहेत. पुण्यात १ कोटी १० लाखांचा एक फ्लॅट वडिलांच्या आणि माझ्या नावावर निम्मा-निम्मा आहे, म्हणून इथला फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेणार आहोत. तिच्या नावावर कधीच घर नव्हतं, त्यामुळे स्टॅम्प ड्यूटी लागणार नाही ना? आई-बाबा २० लाख रुपये पाठवणार आहेत. कोणाला काम द्यावं?

उत्तर: नमस्कार. फीच्या आधी स्टॅम्प ड्यूटीचं बघू, कारण मोठी रक्कम तिथे अडकली आहे. पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत ड्यूटी नाही, हे बरोबर. पण एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकानेच घर घेतलं तरी दुसरं घर असणाऱ्यांचा जादा दर लागतो का हे ठरवताना दोघांची घरं धरली जातात, आणि ती जगात कुठेही असली तरी. तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर जादा दर लागतो. पौंड १२० रुपये धरला तर ही मर्यादा ४८ लाख होते. तुमचा हिस्सा ५५ लाखांचा आहे. जादा दर लागला की पहिल्या घराची सवलतही जाते. हिशेब असा: पहिल्या सव्वा लाखावर ५ टक्के म्हणजे ६,२५०, पुढच्या सव्वा लाखावर ७ टक्के म्हणजे ८,७५०, उरलेल्या ३५ हजारांवर १० टक्के म्हणजे ३,५००. एकूण १८,५०० पौंड. तुमच्या बजेटमध्ये या जागी शून्य आहे.

पुण्यातला हिस्सा खरोखर विकायचा किंवा वडिलांच्या नावे करायचा विचार असेल, तर ते इथल्या कम्प्लीशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन ताबा मिळण्याच्या) आधी, नोंदणीसकट पूर्ण व्हायला हवं. त्याचं मुद्रांक शुल्क आणि भांडवली नफ्यावरचा कर पुण्यातल्या वकील-सीएकडून आधी काढून घ्या. हिस्सा ठेवायचा असेल तर नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल घ्या. किंमत मर्यादेच्या इतकी जवळ असताना "अंदाजे" चालत नाही.

सॉलिसिटर निवडताना हाच मुद्दा कसोटीला लावा. बऱ्याच फर्म स्टॅम्प ड्यूटीचं रिटर्न भरतात, पण कामाच्या पत्रात "करसल्ला आमच्या कामात येत नाही" असं एक वाक्य असतं. फॉर्मवर "दुसरं घर आहे का?" असं विचारतात, लोकांना वाटतं इंग्लंडमधलंच विचारलंय, आणि "नाही" वर खूण होते. रिटर्न कम्प्लीशननंतर १४ दिवसांत जातं. चूक नंतर निघाली तर कर, व्याज आणि दंड तुमच्याकडूनच वसूल होतो. म्हणून दोन्ही फर्मना पुण्याच्या फ्लॅटचं ईमेलने स्पष्ट लिहून कळवा आणि लेखी उत्तर मागा. उत्तर देताना जो कचरतो, त्याला काम देऊ नका. "हा भाग आम्ही करसल्लागाराकडे पाठवतो" असं कोणी सरळ सांगितलं तर ते प्रामाणिक उत्तर आहे, चालेल.

आता कोट. ऑनलाइन फर्मच्या कोटचं दुसरं पान वाचा. लीजहोल्डसाठी २७५, मॉर्गेजसाठी ९५, प्रत्येक भेट रकमेच्या तपासणीचे ६० (आई आणि बाबा मिळून १२०), स्टॅम्प ड्यूटी रिटर्नचे ९०, बँक ट्रान्सफरचे ४०. म्हणजे ६५० चे १,२७० झाले. गावातल्या सॉलिसिटरच्या १,३५० मध्ये भेट रकमांची तपासणी सोडून सगळं धरलेलं आहे. तिचे १०० मिळवले की १,४५०. खरा फरक १८० पौंड, व्हॅट धरून २१६. सर्चेस (मालमत्तेबद्दल सरकारी नोंदींची तपासणी) आणि लँड रजिस्ट्रीची फी दोन्हीकडे वेगळी, पण ती कोणाकडेही लागतेच. "व्यवहार नाही तर फी नाही" या ओळीवरही विसंबू नका. व्यवहार फिसकटला तरी झालेल्या सर्चेसचे पैसे द्यावे लागतात.

एजंटला तुम्ही त्याचीच फर्म घ्यावी अशी सक्ती करता येत नाही. रेफरल फी (गिऱ्हाईक पाठवल्याबद्दलचे पैसे) मिळत असेल तर ती त्याने सांगायलाच हवी. किती मिळते ते विचारा. ती शेवटी तुमच्याच फीमधून जाते.

भारतातून येणाऱ्या पैशांवर अनेक व्यवहार आठवडेच्या आठवडे अडतात. काही फर्म परदेशातून आलेली भेट रक्कम घेतच नाहीत आणि हे मॉर्गेज ऑफर आल्यावर सांगतात. पहिल्याच फोनवर विचारा. आई-बाबांचे पासपोर्ट, किमान सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, मोडलेल्या एफडीची पावती आणि "ही रक्कम परत मागणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही" असं सहीचं पत्र तयार ठेवा. पैसे जमीन विकून आलेले असतील तर खरेदीखत आणि इंडेक्स २ लागेल. ते मराठीत असतं, म्हणून प्रमाणित इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या. दोघांनी आपापल्या खात्यातून १०-१० लाख पाठवले तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला जात नाही, कारण १० लाखांची मर्यादा माणशी आणि आर्थिक वर्षाची आहे. मात्र आईच्या खात्यातले पैसे आईचेच असायला हवेत. भेटीची रक्कम आहे हे मॉर्गेज देणाऱ्या बँकेलाही कळवा.

लीज १०२ वर्षांची शिल्लक आहे, ती अडचण नाही. इमारत मात्र सहा मजली आहे. किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींना २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यातले फ्लॅटधारकांच्या संरक्षणाचे नियम लागतात. क्लॅडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण) किंवा आगीच्या दृष्टीने सदोष बांधकाम दुरुस्त करायचा खर्च फ्लॅटधारकावर किती पडू शकतो, हे विक्रेत्याच्या आणि जमीनमालकाच्या सर्टिफिकेटवर ठरतं. काही फर्म अशी कामं घेत नाहीत, आणि काही घेऊन ती कागदपत्रं नुसती पुढे ढकलतात. फाइल प्रत्यक्ष कोण बघणार आणि त्याने अशा इमारतीचं काम केलंय का, हे नाव घेऊन विचारा. सर्व्हिस चार्जचे तीन वर्षांचे हिशेब आणि येऊ घातलेल्या मोठ्या कामांची नोटीस मागवणार का, हेही.

माझं मत: गावातला सॉलिसिटर तुमच्या मॉर्गेज बँकेच्या पॅनलवर (मान्य वकिलांच्या यादीत) असेल, आणि स्टॅम्प ड्यूटी, परदेशी भेट रक्कम व इमारत या तिन्हींवर लेखी "हो" देत असेल, तर २१६ पौंड जास्त द्या. पॅनलवर नसेल तर बँक वेगळा वकील लावते आणि त्याची फीही तुम्हीच भरता. तसं असेल तर हाच ईमेल तिसऱ्या फर्मला पाठवा. फर्मचं नाव एसआरए (सॉलिसिटरांची नियामक संस्था) किंवा सीएलसीच्या (कन्व्हेयन्सरांची नियामक संस्था) यादीत स्वतः तपासा. दोन्हीपैकी कुठलीही नोंदणी चालते.

एक्सचेंजच्या (करार पक्का होण्याच्या) वेळी बहुधा १० टक्के, म्हणजे २८,५०० पौंड भरावे लागतील. त्या दिवसांत "आमचं खातं बदललंय" असा ईमेल आला तर तो फसवणुकीचाच समजा. खात्याचे तपशील पहिल्या भेटीत कागदावर घ्या आणि पैसे पाठवण्याआधी त्या कागदावरच्या नंबरला फोन करून पडताळा.