ख्रिस्ती वाचकांना जगाच्या अंताच्या थरारक कादंबऱ्या एवढ्या का आवडतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, देव दयाळू आहे असं मानणारी माणसं जगाच्या विनाशाच्या कादंबऱ्या एवढ्या आवडीनं कशा वाचतात, आणि त्यातलं सगळं त्यांना खरं वाटतं का. मी नागपूरची, सदरमधल्या मराठी ख्रिस्ती घरातली. हा प्रकार मी कॉलेजपासून वाचत आले आहे. विनाश बघायला मिळतो म्हणून ही पुस्तकं वाचणारं आमच्या ओळखीत कोणी नाही. लोक वाचतात ते ‘त्या दिवशी मी कुठे असेन?’ या प्रश्नापायी.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे टिम लाहे आणि जेरी जेनकिन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’. पहिला भाग १९९५ साली आला, २००७ पर्यंत १६ भाग झाले आणि सहा कोटींच्या वर प्रती खपल्या. सुरुवात जबरदस्त आहे. रात्री अटलांटिकवरून लंडनला निघालेल्या विमानातले कितीतरी प्रवासी एका क्षणात नाहीसे होतात, सीटवर फक्त त्यांचे कपडे उरतात. देवानं आपल्या विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेतलेलं असतं. वैमानिकाची बायको त्याला हे होणार म्हणून सांगत होती. तो कसाबसा घरी पोचतो, तर ती नाही आणि धाकटा मुलगाही नाही. पुढे गोड बोलणारा एक नेता सगळ्या जगाची सूत्रं हाती घेतो आणि सात वर्षांचं महासंकट सुरू होतं.

पण ज्याच्यासाठी विश्वासणारा वाचक हे पुस्तक हातातून ठेवत नाही, ते पात्र वेगळंच आहे. ब्रूस बार्न्स नावाचा एक पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. मंडळीत (चर्चमध्ये) नोकरीला, आजाऱ्यांना भेटणारा, वचनं तोंडपाठ असलेला. त्याची बायको आणि मुलं घेतली जातात आणि तो मागे राहतो. रिकाम्या चर्चमध्ये बसून तो वैमानिकाला सांगतो की मला सगळं माहीत होतं, फक्त मी ते कधी मनापासून धरलं नाही. नास्तिक मागे राहिला तर आमच्या पोटात काही हलत नाही. पाळक मागे राहिला की हलतं. आम्ही उपासनेत उभं राहून म्हणतो, ‘तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास येईल.’ लहानपणापासून म्हणून म्हणून ते वाक्य जिभेवर इतकं गुळगुळीत झालंय की त्याचा अर्थ मनाला टोचत नाही. कादंबरी त्याच वाक्याला तारीख, विमान आणि रिकामी खुर्ची देते. म्हणून शेवट ठाऊक असूनही उत्कंठा टिकते. प्रभू जिंकणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, पण आपली गणती कुठे होणार ते माहीत नसतं.

आमच्याकडे ही पुस्तकं विकत घेण्यापेक्षा हातोहात फिरतात. माझ्याकडे आलेली प्रत अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या एका मावशींची होती. समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलेलं: दानीएल ९, १ थेस्सलनीकाकरांस ४, प्रकटीकरण १३. एके ठिकाणी मोठं प्रश्नचिन्ह आणि खाली ‘हे वचनात कुठे आहे?’ रहस्यकथेचा वाचक खुनी शोधतो, हा वाचक शेजारी बायबल उघडं ठेवून लेखकालाच तपासतो. निम्मी गोडी त्यात आहे.

आता खरं वाटण्याबद्दल. ख्रिस्त पुन्हा येणार हे आम्ही सगळेच मानतो. पण विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि मग सात वर्षं संकट येईल, हा क्रम जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी १९व्या शतकात मांडला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टीपांमधून तो घरोघरी गेला. कॅथलिक चर्च तो मानत नाही. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथे नागपुरातच सहा परंपरा एकत्र येऊन स्थापन झालं, त्यामुळे आमच्या एकाच बाकावर या विषयाची तीन मतं बसलेली असतात. पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये मात्र हा क्रम ठामपणे शिकवला जातो. माझं मत विचाराल तर प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, हे आधी आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना, रोमच्या सत्तेखाली जगणाऱ्या माणसांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात देवाविरुद्ध उठणाऱ्या सत्तेला ‘श्वापद’ म्हटलंय आणि त्याचा आकडा ६६६ सांगितलाय. हा आकडा नीरो सम्राटाच्या नावाचा आहे, हे अनेक अभ्यासकांचं म्हणणं मला पटतं.

या वाचनाची खोड लागते, तीही सांगते. माणसं बातम्यांत श्वापद शोधू लागतात. आधी बारकोड म्हणजेच श्वापदाची खूण असा संशय होता, कोविडच्या काळात लशीत चिप असल्याचे फॉरवर्ड मंडळीच्या ग्रुपवर येत होते. तारखा काढणारेही निघतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ जाहीर केली. ‘त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही’ हे मत्तय २४ मध्ये स्वतः येशू सांगतो, तरी हा मोह सुटत नाही.

मला याहून जास्त खटकतं ते माणसांची झटपट वाटणी. माझी शेजारीण बौद्ध आहे, दर वर्षी दीक्षाभूमीवर जाते. माझी आई आजारी होती तेव्हा रात्र रात्र ती दवाखान्यात बसली, माझ्या आधी डबा घेऊन पोचायची. कादंबरी तिला एका ओळीत मागे राहिलेल्यांत टाकते. मला ते करता येत नाही, करायचंही नाही. मत्तय २५ मध्ये राजा न्यायाला बसतो तेव्हा तो विचारतो की मी भुकेला होतो, आजारी होतो, तेव्हा तुम्ही काय केलंत. तिथे कोणाला घेतलं जातं हे ऐकून खुद्द घेतलेलेच चकित होतात.

तुम्हाला वाचून पाहायचं असेल तर फक्त पहिला भाग घ्या, पुढे मालिका फार ताणली आहे. त्याच आठवड्यात मत्तयाचा २४वा अध्याय वाचा, आणि तिथे न थांबता २५वाही.