उघडणाऱ्या कड्याची बिजागरी: नुसती पिन जाड करून काम भागणार नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ९२.५ टक्के चांदीच्या, दोन अर्धुकांच्या (अर्ध्या भागांच्या) उघडणाऱ्या कड्याला आपण तीन नळ्यांची बिजागरी बसवली, म्हणजे दोन्ही अर्धुकांवर आलटून-पालटून जोडलेल्या छोट्या नळ्या आणि त्यांतून आरपार जाणारी पिन; ती रोजच्या वापरात काही महिन्यांतच ढिली झाली, अर्धुकांच्या कडा एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, आणि आता १ मिमीच्या जागी १.२ मिमीची पिन घातली तर दोष जाईल का, असे आपण विचारले आहे. पिन जाड केल्याने फरक नक्कीच पडेल, कारण गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि एवढ्याशा बदलानेही पिन जवळजवळ दुप्पट ताठ होते. तरीही मी केवळ तेवढ्यावर थांबू नका असे म्हणेन. पिनेचे काम दोन अर्धुकांना एका रेषेभोवती फिरू देणे एवढेच आहे. मनगटाच्या हालचालीचा पीळ, जोराने उघडताना बसणारा ताण आणि बंद कड्याला लागणारे धक्के हेही तिच्याच माथी मारले, तर कितीही जाड पिन शेवटी झिजते किंवा वाकते.

म्हणून नवी पिन ओढण्याआधी जुनी बाहेर काढा आणि भिंगाखाली नीट पाहा. नळ्यांच्या सांध्यांवर पिन पायरीसारखी सरकलेली किंवा इंग्रजी एस अक्षरासारखी वाकलेली दिसली, तर तिच्यावर आडवा भार येत होता असे समजावे. ती सरळ आहे, पण मधल्या नळीत बसणारा भाग कमरेसारखा बारीक झाला आहे आणि त्यावर करडा, चिकट लेप आहे, तर दोष घासण्याचा आहे. तो लेप म्हणजे धातूची भुकटी, साबणाचा अंश आणि बहुतेक वेळा पॉलिश करताना आत शिरलेला घासणारा मसाला असतो, आणि हा मसाला प्रत्येक उघडमिटीला बारीक कानशीसारखा चालतो. मी स्वतः बरीच वर्षे कायमची पिन बसवून मगच बफवर (फिरत्या कापडी चाकावर) पॉलिश करत असे. दुरुस्तीला परत आलेल्या एका कड्याच्या नळीतून लाल मसाल्याची अख्खी वळी निघाली, तेव्हापासून पॉलिश होईपर्यंत मी तात्पुरती पितळी पिन ठेवतो, नंतर नळ्या आतून धुऊन वाळवतो आणि खरी पिन सर्वांत शेवटी घालतो.

आता नळ्यांकडे वळू. तीन सारख्या लांबीच्या नळ्या असतील, तर एका अर्धुकाच्या वाट्याला बिजागरीची दोन तृतीयांश लांबी येते आणि दुसऱ्याचा सगळा भार एकट्या मधल्या नळीवर पडतो. पिन बाहेरच्या नळ्यांमध्ये घट्ट बसवलेली असल्याने फिरण्याची झीजही मधल्याच नळीत होते. रुंदी परवानगी देत असेल तर पाच नळ्या कराव्यात. पिनेवर कातरणारा भार मग दोनऐवजी चार जागी वाटला जातो, आणि आतल्या दोन नळ्या एकमेकींपासून दूर असल्यामुळे पिळालाही चांगला विरोध होतो. संख्या विषम ठेवावी, म्हणजे दोन्ही टोकांच्या नळ्या एकाच अर्धुकावर राहतात. कडे अरुंद असल्यामुळे तीनच नळ्या बसत असतील, तर मधली नळी बाहेरच्या दोघींच्या बेरजेइतकी लांब घ्यावी. बिजागरी कड्याच्या पूर्ण रुंदीची असावी, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. दिसायला नाजूक म्हणून मध्यावर बसवलेली छोटी बिजागरी पिळापुढे टिकताना मी क्वचितच पाहिली आहे.

नळ्या अर्धुकाच्या सपाट कडेवर नुसत्या टेकवून झाळू नयेत. गोल कानशीने त्यांच्यासाठी खोबण करावी, म्हणजे जोड रेषेपुरता न राहता पृष्ठभागभर होतो. नळी पत्रा वळवून केली असेल, तर तिची शिवण खोबणीकडे ठेवावी, म्हणजे झाळताना तीही बंद होते. सोल्डरचे तुकडे लहान आणि नळ्यांच्या सांध्यांपासून दूर ठेवावेत, आणि सांध्यांना गेरूचा पातळ लेप द्यावा, कारण सोल्डर तिथे ओघळले की बिजागरी जाम होते आणि मग ती जोर लावून सोडवताना नळ्या तिरक्या होतात. आधी प्रत्येक नळी टाक्यापुरती पकडावी, अर्धुके वेगळी करावीत आणि मग पूर्ण झाळावीत.

झाळण्याच्या उष्णतेने नळ्या मऊ पडतात, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ओढून किंवा ठोकून कडक केलेली चांदी त्या क्षणी आपला कडकपणा गमावते. खडे आणि मीना नसलेल्या कड्याला त्यावर उपाय आहे. धातू सुमारे ७५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवावा आणि मग भट्टीत सुमारे ३०० अंशांवर अर्धा ते एक तास ठेवावा. तांब्याचे सूक्ष्म कण चांदीत वेगळे होतात आणि तिचा कडकपणा जवळपास दुप्पट होतो. मात्र पहिल्या तापमानाला कमी उष्णतेत वितळणारे चांदीचे सोल्डर वितळते, म्हणून सगळे जोड त्याहून जास्त तापमानाच्या सोल्डरने केलेले नसतील, तर केवळ ३०० अंशांची पायरी घ्यावी. लाभ कमी मिळतो, पण जोडांना धोका राहत नाही.

पिन मात्र कधीही तापवू नये. ती ओढून कडक झालेल्या तारेची असावी आणि तशीच राहावी. चांदीच्या कड्याला १८ कॅरट पांढऱ्या सोन्याची तार उत्तम. स्टेनलेस स्टीलची पिनही चालते, पण ती आत असताना दागिना आम्लात घालू नये, नाहीतर चांदीवर तांब्याचा थर चढू शकतो. ९ किंवा १४ कॅरटच्या पिना क्लोरीनच्या पाण्यात ताणाखाली तडकू शकतात, त्यामुळे पोहताना कडे काढून ठेवण्यास सांगावे. भोक रीमरने (भोक आतून घासणाऱ्या हत्याराने) थोडे निमुळते करून पिन त्याच उताराने घासावी, टोकांच्या नळ्यांच्या तोंडाशी किंचित खोलगट करावे आणि हलक्या हातोडीने पिनेचे टोक त्यात पसरवावे. जोरात ठोकल्यास नळीचे तोंड फुलते.

राहिला उघडण्याचा ताण. बिजागरी पुरेशी उघडत नसेल, तर कडे घालणारा माणूस हात आत नेताना अर्धुके जोराने फाकवतो. उघडणे जिथे अडते ती कड पिनेपासून ३ मिमीवर आणि बोटांचा जोर ६० मिमीवर असेल, तर तरफेच्या नियमाने पिनेवर सुमारे वीसपट बळ येते. म्हणून मनगट सहज जाईल इतके उघडणे आधी मोजून घ्यावे, आणि अडवणारी कड पिनेपासून शक्य तेवढी दूर ठेवावी. बंद कड्याच्या दुसऱ्या टोकाला, खटक्याशेजारी, एक लहान खुंटी आणि तिला बसणारी खोबण करावी. त्यामुळे बाजूचा धक्का दोन्ही टोकांत वाटला जातो.

आपल्या कड्याचे भोक लांबट झाले असेल, तर रीमरने ते गोल करून १.२ मिमीची पिन बसवता येईल, पण त्याआधी नळीची उरलेली भिंत मोजा. ती मूळच्या निम्म्यावर आली असेल, तर पिन बदलण्यात वेळ घालवू नका, पाच नळ्यांची नवी बिजागरीच करा. जुन्या नळ्या काढताना कड्यावर पुन्हा आच लागेल, म्हणून खटक्याची पट्टी आधी काढून बाजूला ठेवा.