वहीच्या मागच्या पानावरच्या रेषा

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. नीट दोनदा दिली, जमलं नाही. आता ठाण्यात बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला आहे, पूर्ण फी भरली आहे. पण महापे एमआयडीसीतल्या एका लॅबला कॉलेजची भेट झाल्यापासून तिने मास स्पेक्ट्रोमेट्रीचं, म्हणजे यंत्रावर रेणूंचं वजन मोजून पदार्थ ओळखण्याचं, खूळ घेतलंय. एम.एस्सी. करून शेवटी मशीनच चालवायचं ना? नमुना टाकला की नाव छापून येतं, त्यात करिअर कसलं? क्लासच्या वहीतही हेच चालतं, फोटो जोडला आहे. तिला चार शब्द समजवा. तिला न सांगता लिहितोय.
– एक पालक, ऐरोली

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. क्लास लावला, फी भरली, नीट दिली. सगळं झालं, पण त्यात मुलगी काय म्हणाली हे कुठेच नाही. नीट तिला द्यायची होती का? दुसऱ्यांदा बसायचं कोणी ठरवलं? तिला आवडलेली एकच गोष्ट तुम्ही लिहिलीत, आणि तिला नाव दिलंत 'खूळ'. दोन वर्षं अपयश पचवून जी मुलगी पुन्हा एखाद्या विषयात रमते, तिच्यासमोर हा शब्द वापरू नका. मला मार्कांची नाही, याची काळजी वाटते.

तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मीही केमिस्ट्रीतूनच या कामात आले, त्यामुळे राहवलं नाही. मॉक टेस्टच्या गणितांमागे पेन्सिलीने उभ्या रेषा आहेत. रेषेखालचा आकडा म्हणजे वजन, उंची म्हणजे त्या वजनाचं प्रमाण. 112 ला उंच रेष, 114 ला तिच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची, आणि 77 ला एक, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. बाजूला लिहिलंय, 'क्लोरीन!' अगदी बरोबर. निसर्गात क्लोरीनचे अणू 35 आणि 37 अशा दोन वजनांचे असतात, साधारण तीनास एक या प्रमाणात. म्हणून एक क्लोरीन असलेल्या रेणूच्या दोन रेषा दोन अंकांच्या अंतराने आणि याच प्रमाणात येतात. हा क्लोरोबेन्झीन आहे. हे तिने पाठ केलेलं नाही, ओळखलेलं आहे.

आता 'नाव छापून येतं' याबद्दल. येत नाही. यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते. रेणूंना विद्युतभार दिला जातो. एका नेहमीच्या पद्धतीत 70 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यांच्यावर सोडतात, तेव्हा काही रेणू फुटतातही. मग हे भारित रेणू आणि तुकडे वस्तुमान आणि भार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे होतात आणि मोजले जातात. हाती येतात त्या रेषा. सॉफ्टवेअर त्या साठवलेल्या नोंदींशी ताडून नावं सुचवतं, पण ते नाव मानायचं की नाही हे माणूस ठरवतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीन या अमिनो आम्लांचं वस्तुमान तर अगदी सारखं, नुसत्या वजनावर ती वेगळी सांगताच येत नाहीत. 2018 साली रक्तदाबाच्या वाल्सार्टान गोळ्यांत एनडीएमए ही कर्करोगाचा धोका वाढवणारी अशुद्धी सापडली आणि अनेक देशांत त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. तो रेणू अवघ्या 74 वस्तुमानाचा, तोही अत्यल्प. अशा वेळी रेषा चुकीची वाचली तर भोगतो गोळी घेणारा. आणि 'मशीनच' म्हणाल, तर कोईची तानाका हे याच क्षेत्रातल्या कामासाठी 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे गृहस्थ शिमाद्झू या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. शिक्षण इलेक्ट्रिकलची पदवी.

वाट सरळ आहे : एम.एस्सी.ला आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, शिवाय मुंबई विद्यापीठ आणि माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था यांचे प्रवेश. तारखा तिलाच पाहू द्या.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगते. औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात, सुरुवातीला रोज त्याच चाचण्या असतात, द्रावणं बनवा, कॉलम (नमुन्यातले घटक वेगळे करणारी नळी) धुवा, रजिस्टर भरा. पगार बँकेपेक्षा कमी असू शकतो, शिफ्टही असते. रात्री एमआयडीसीतून परत कसं यायचं ही तुमची काळजी रास्त आहे, कंपनीची बस आहे का हे आधी विचारायचंच. शिवाय भौतिकशास्त्र कच्चं ठेवून हे क्षेत्र जमत नाही. हे सगळं कळूनही तिला तेच हवं असेल, तर ते खूळ नव्हे.

क्लासची फी गेली ती गेली. ती वसूल करायला तिचं वर्ष घालवू नका.

म्हणून तिला चार शब्द मी समजावणार नाही. आज रात्री जेवताना 77 पुढच्या प्रश्नचिन्हाबद्दल तुम्हीच तिला विचारा. 112 मधून 35 चा क्लोरीन निघून गेला की 77 उरतात, पण हे तुम्ही सांगू नका, तिला सांगू द्या. मध्ये बँकेचा विषय काढू नका. आणि मला लिहिलं होतं हेही तिला सांगा. पुढचं पत्र तिचं आलं, तर मी सविस्तर उत्तर देईन.