फॉर्म्युला १६ कॅटामरान एकट्याने चालवता येते का? आणि जायकवाडीत?

तुमचा प्रश्न असा आहे की वजन ६२ किलो, राहायला छत्रपती संभाजीनगरला, पोहता चांगलं येतं, गोव्याला सुट्टीत शिडाची होडी थोडीफार हाताळलीय, आणि आता सेकंडहँड फॉर्म्युला १६, म्हणजे दोन तळांची शिडाची कॅटामरान, बाहेरून मागवून नाथसागरात एकट्याने चालवायची, तर जमेल का. होडीपुरतं उत्तर हो. नाथसागराचं उत्तर नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. मी मूळ परभणीचा, कामानिमित्त काही वर्षं हॉलंडला होतो, तिथे ही होडी जोडीनेही चालवली आणि एकट्यानेही, त्या जोरावर सांगतोय, उगं यूट्यूब बघून नाही.

लांबी ५ मीटर, रुंदी अडीच मीटर, आणि नियमाने कमीत कमी वजन एकट्यासाठी १०४ किलो, दोघांसाठी १०७. लोक हे आकडे वाचून पुढे जातात पण सगळा खेळ ह्या वजनातच आहे राव. हॉबी १६ ही दुसरी कॅटामरान बघा, लांबी जवळपास तेवढीच, वजन १४५. हिचीच थोरली बहीण फॉर्म्युला १८ तर १८० किलो, ती एकट्याच्या बसची बात नाही. उलट्या टोकाला ए क्लास कॅटामरान, ७५ किलो, पण ती कायमची एकट्याचीच, कधी मित्राला घ्यावं म्हटलं तर सोय नाही, आणि तिला स्पिनेकरही, म्हणजे वारा मागून असताना पुढे फुगवायचं मोठं शीडही, नसतो. फॉर्म्युला १६ मधोमध बसते. दोघं असले की पुढचं छोटं शीड लावायचं, ज्याला जिब म्हणतात ते, आणि एकटं असलं की ते काढून ठेवायचं, स्पिनेकर मात्र दोन्हीत चालतो. रेसला एकटे आणि जोड्या एकाच वेळी सुटतात आणि आधी पोचेल तो जिंकला, हँडिकॅपचा, म्हणजे वेळेच्या सवलतीचा, हिशोबच नाही. वारा कमी असला की हलका एकटा पुढे सटकतो, वारा वाढला की जोडीला दोन माणसांचं वजन बाहेर लटकवता येतं म्हणून त्यांची चलती.

लटकणं म्हणजे ट्रॅपीझ. मास्टवरून, म्हणजे शिडाच्या उभ्या खांबावरून, आलेल्या तारेचा हुक कमरेच्या हार्नेसला अडकवायचा, पाय होडीच्या काठावर आणि बाकी सगळा माणूस पाण्यावर आडवा. वाऱ्याकडचा हल, म्हणजे दोन तळांपैकी वाऱ्याच्या बाजूचा, पाण्यातून जेमतेम सुटला की होडी सगळ्यात जोरात जाते, कारण मग पाण्याला घासायला एकच हल उरतो. तो फार वर गेला की दिसायला भारी पण वेग कमी, नवीन माणूस फोटोसाठी तेच करत बसतो. चांगल्या वाऱ्यात २० नॉटच्या आसपास जाते, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर, ऐकून बुलेटवाला हसेल, पण पाण्यापासून हातभर उंचीवर तोंडावर फवारे घेत ३७ म्हणजे काय ते त्याला एकदा बसवल्यावरच कळतं.

आता एकट्याची खरी अडचण. वेग नाही, हात कमी पडतात. एका हातात टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात मोठ्या शिडाची दोरी, आणि वाऱ्याच्या दिशेने खाली यायला लागलात की तिसरी दोरी स्पिनेकरची. तिथे मोठ्या शिडाची दोरी क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवून स्पिनेकरची हातात ठेवायची, कारण वेग आणि तोल दोन्ही तेव्हा तिच्यावर असतात. आणि खाली यायचं म्हणजे सरळ खाली नाही, तिरकं तिरकं नागमोडी यायचं, सरळ गेलात तर होडी मरगळते. झोत आला की ओढलेलं शीड सोडत होडी अजून खाली वळवायची, वर म्हणजे वाऱ्याकडे नाही. वर वळवलं की पालथी, म्हणजे कुशीवर आडवी, आणि बसायची जागा पुढे असली तर नाकं पाण्यात घुसून होडी कोलांटी उडी मारते आणि तुम्ही मास्टच्याही पुढे जाऊन पडता. म्हणून वारा मागून असताना माणूस जितका मागे तितका बरा.

पालथी होणारच, त्यात काही लाज नाही. प्रश्न उठवायचा आहे. आधी सगळ्या दोऱ्या मोकळ्या सोडायच्या, मास्टचं टोक वाऱ्याकडे येईपर्यंत थांबायचं, मग खालच्या हलवर उभं राहून राइटिंग लाइन, म्हणजे होडी उठवायची दोरी, धरून पाठ पाण्याला टेकेल इतकं मागे लटकायचं. शिडाखाली वारा शिरला की तोच उचलतो. साधारण ७५ किलोच्या माणसाला एकट्याने उठवता यावी हा ह्या होडीच्या हलकेपणाचा मोठा फायदा, पण तुम्ही ६२. मंद वाऱ्यात तुम्हाला नुसत्या अंगाने उठणार नाही. त्यासाठी पाण्याने भरायची पिशवी मिळते, ती दोरीला बांधून खांद्यावर पाठीमागे टाकायची, वजन वाढतं. ती घेतल्याशिवाय एकटं निघू नका, आणि ती वापरायची सवय क्लबची मोटरबोट शेजारी असताना करा. होडी उठली की लगेच पकडा, एवढी हलकी की माणूस पाण्यात आणि ही बया एकटीच निघाली असं होतं, आणि पोहून तिला कोणी गाठत नाही.

आता नाथसागर. नकाशावर बघून कोणालाही मोह होईल, ५५ किलोमीटर लांब, कुठे कुठे २७ रुंद, संभाजीनगरहून तासाभरावर. पण पहिली गोष्ट, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, वन विभागाला विचारल्याशिवाय होडी उतरवायची नाही, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी आलेले असताना तर मीच म्हणेन की नका उतरवू. दुसरी गोष्ट वाऱ्याची, जी आपल्याकडे लई विचित्र आहे. जून-जुलैत पश्चिमेचा दमदार वारा असतो पण तेव्हा पाणी तळाला गेलेलं, कारण जायकवाडी आपल्या पावसाने भरत नाही, नाशिक-नगरकडे पडेल तेव्हा भरते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. मग ऑक्टोबरात पाणी काठोकाठ आणि वारा मेलेला. एप्रिल-मेत दुपारी वारा सुटतो पण वळवाचं काही खरं नाही, आभाळ अंधारून आलं की पाच मिनिटांत दिशा बदलून असा झोत येतो की अनुभवी माणूससुद्धा शीड उतरवून बसेल. त्यात पाणी उतरलेलं असताना वर आलेले खडक, बुडालेल्या झाडांचे बुंधे, आणि जागोजागी मच्छीमारांची जाळी. ह्या होडीचे डॅगरबोर्ड, म्हणजे तळातून खाली सोडायच्या फळ्या, आणि रडर, म्हणजे सुकाणू, खाली खोल जातात, जाळ्यात अडकले तर होडीचं नुकसान होईलच पण त्या माणसाचं जाळं फाटलं ते कोण भरून देणार. आणि तुम्ही मध्यावर पालथे झालात तर मदतीला येणारी मोटरबोट तिथे नाही.

शिकायला समुद्रच पाहिजे असंही नाही. भोपाळच्या बड्या तलावावर शिकलेली हर्षिता तोमर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेऊन आली, पुढच्या, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने रौप्य आणि इबाद अलीने कांस्य घेतलं, दोघेही भोपाळलाच शिकलेले. आपल्याला सगळ्यात सोपं हैदराबाद, हुसेन सागरावर क्लब आहेत, अजिंठा एक्सप्रेसला रात्री बसलात की सकाळी तिथे. आधी लेझर, म्हणजे एका तळाची एकट्याने चालवायची छोटी होडी, चालवा, वारा अंगात मुरू द्या, मग एखादी हॉबी १६ मिळाली तर जोडीने, मग ही. पहिल्या दिवशी स्पिनेकर लावू नका.

मागवायचीच असेल तर हल बीमपासून, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांपासून, सुटे होतात, कंटेनरमध्ये बसतात, पण मास्ट साडेआठ मीटरचा, तो २० फुटी कंटेनरमध्ये जात नाही, ४० फुटी लागतो, म्हणून एकटी होडी मागवणं परवडत नाही, दोघातिघांनी मिळून मागवा. घेण्याआधी हलच्या आत पाणी जातं का बघा, डेकवर अंगठा दाबत जा, कुठे मऊ लागलं तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. मास्टची सीलसुद्धा बघा, मास्टमध्ये पाणी शिरत असेल तर पालथी झाल्यावर पूर्ण उलटी होते आणि मग पिशवी असूनही एकट्याने उठत नाही. लाइफ जॅकेटच्या खिशात दोरी कापायचा चाकू ठेवा, बांधून ठेवा, नुसता ठेवलेला पहिल्याच डुबकीत तळाला जातो.