जुना फ्लॅट बघायला निघालीस तर

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

तू कळवलंस: नोकरी चाकणला, जुना फ्लॅट पिंपरी-चिंचवडकडे बघायचा, बिऱ्हाड जूनपर्यंत लातूरहून हलवायचं, हाताशी बारा लाख, आणि "पडकं चालेल, नीट करून घेईन." चालेल. पण पडकं दोन प्रकारचं असतं. फुटलेल्या टाइल्स, काळं पडलेलं बाथरूम, लोंबणाऱ्या वायरी, वाळवी लागलेल्या चौकटी हे सगळं तुझ्या चार भिंतींच्या आतलं आहे. ते पैसे टाकले की सुटतं. कॉलम, गच्ची, पाण्याची टाकी, जमिनीचे कागद यांना मात्र तू एकटी पैसे ओतूनही काही करू शकत नाहीस. पहिलं जितकं वाईट दिसेल तितकं बरं, कारण भाव तिथेच उतरतो. दुसऱ्यात जरा जरी खोट दिसली तरी जिना उतरायला लाग.

आधी हिशोब. समज, फ्लॅट २८ लाखांचा आहे आणि बँकेने ८० टक्के दिले. तुझे घालायचे ५.६० लाख. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, पण खरेदीदार फक्त स्त्री असेल तर एक टक्का सूट, म्हणजे १.६८ लाख. नोंदणी फी एक टक्का, २८ हजार (ती कधीच ३० हजारांच्या वर जात नाही). सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. त्याहून जास्त मागतील तर नियम दाखव. एजंट एक टक्क्याने धरला तर २८ हजार, वकील आणि बँकेची फाइल मिळून तीसेक हजार. बेरीज ८.३९ लाख. दुरुस्तीला साडेतीन लाखांच्या आसपास उरतात, आणि पाचशे फुटांच्या घराला ते हात आखडून पुरतात.

आता तोच फ्लॅट, पण इमारत पस्तीस वर्षांची म्हणून बँकेने ७० टक्केच दिले. तुझी बेरीज ११.१९ लाखांवर जाते आणि दुरुस्तीला उरतात ८१ हजार. जुन्या घराचे व्यवहार इथेच आपटतात. कर्जाची कमाल मर्यादा कागदावर काहीही असो, बँकेचा मूल्यांकनवाला इमारतीचं उरलेलं आयुष्य बघतो आणि आकडा त्यावर ठरतो. मुद्रांक शुल्काला तर बँक बहुधा पैसे देतच नाही. म्हणून घर आवडलं की विसार देण्याआधी बँकेला इमारतीचं नाव आणि वय सांगून तोंडी अंदाज घे. त्याच फेरीत प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० बद्दल विचार. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत, कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि घर ३५ लाखांपर्यंत असेल तर १.८० लाखांपर्यंत व्याज अनुदान आहे. ते पाच वार्षिक हप्त्यांत येतं, तेव्हा दुरुस्तीच्या हिशोबात धरू नकोस.

बाबांना कर्जात सहअर्जदार घेतलंस तरी चालेल, पण करारनाम्यात खरेदीदार म्हणून त्यांचं नाव आलं की ती एक टक्क्याची सूट गेली.

स्वस्त फ्लॅट स्वस्त का आहे, हे विकणारा सांगत नाही. तुझ्या पट्ट्यात त्याची ठरलेली कारणं आहेत. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टा आहे, दिघीच्या मॅगझीनभोवती (लष्करी स्फोटकांच्या साठ्याभोवती) दुसरा. निगडी, तळवडे, चिखली, दिघी, भोसरीचे काही भाग त्यात येतात. तिथे बँक हात लावत नाही, आणि उद्या तुला विकायचं झालं तर गिऱ्हाईकही त्याच कारणाने परत फिरेल. सांगवी, पिंपळे गुरवकडे नदीची पूररेषा बघ. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आतलं घर नकोच. लाल-निळीच्या मधलं असेल तर निदान तळमजला सोड. गुंठ्यावर, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर बांधलेल्या इमारतीत नियमित झाल्याचा दाखला माग. "सगळे नोटरीवरच घेतात" हे वाक्य कानावर पडलं की चहा संपव आणि ऊठ. नोटरी किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. प्राधिकरणातली (पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने वसवलेल्या भागातली) घरं चांगली, पण जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, म्हणून हस्तांतरणाची परवानगी लागते. प्राधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झालं. त्यातला कुठला भाग पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) गेला आणि कुठला महापालिकेकडे, ते त्या पेठेपुरतं विचारून घे.

कागद वकील बघेलच, आणि निदान ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, करून घेच. पण काही गोष्टी तू स्वतः बघ. पहिल्या मालकापासून आजपर्यंतची करारनाम्यांची साखळी, प्रत्येकाला इंडेक्स टू (दस्त नोंदवल्याचा सरकारी उतारा) जोडलेला. मधला एक करार "हरवलाय" म्हणाले तर त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडून आणायची जबाबदारी त्यांची. पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला. सोसायटी असेल तर भागदाखला (शेअर सर्टिफिकेट). अपार्टमेंट असेल तर भागदाखला नसतोच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं, उगाच घाबरू नकोस. मूळ मालक वारले असतील तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. अमेरिकेतल्या भावाची सही "नंतर मिळेल" यावर पैसे अडकवू नकोस. करारनाम्यातलं क्षेत्रफळ टेपने मोजून ताड. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, आणि बंद केलेली बाल्कनी खोली म्हणून दाखवली जाते.

घर बघायला जाताना टॉर्च, टेप, लहान हातोडी आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घे. टेस्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि कुठल्या प्लगला अर्थिंग नाही ते क्षणात सांगतो. हॉलमध्ये वेळ घालवू नकोस, थेट बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीकडे जा. जमिनीपासून फूट-दीड फुटात रंग फुगलाय, पापुद्रे सुटलेत, पांढरा लोणा आलाय, तर पाणी याच घराच्या बाथरूममधून येतंय. ते तुझ्या हातात आहे, भावात कापून घे. छताला बाथरूमखाली पिवळट डाग असेल तर गळती वरच्याकडची, आणि ती वरच्याच्या मर्जीवर. वर जाऊन बेल वाजव, तुझ्या होऊ घातलेल्या शेजाऱ्याचा स्वभावही कळेल. जुन्या घरात एकाच खोलीला नवं पीओपीचं छत दिसलं, किंवा एकाच भिंतीला ताजा ऑइल पेंट, तर त्यामागे काहीतरी लपवलंय असं धरून चाल.

भेगांना सरसकट घाबरू नकोस. जाळीसारख्या बारीक भेगा प्लास्टरच्या असतात. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ भेगही साधी, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात. तिथे जाळी मारून प्लास्टर केलं की भागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, खालच्या-वरच्या मजल्यावरही त्याच जागी असलेली भेग इंजिनियरला दाखव. कॉलमवर किंवा बीमच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेने गेलेली, तांबूस डाग असलेली भेग वाईट. सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. हातोडीने हलकेच ठोक. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत सुटलंय. घराच्या छतात वीतभर एखादा असा तुकडा असेल तर सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरता येतो. पार्किंगमधले दोन-तीन कॉलम तसे असतील तर घर सोड, मग किचन कितीही छान असो.

पार्किंगवरून आठवलं: "आमची हीच जागा आहे" याला अर्थ नाही. सोसायटीच्या नोंदीत वाटप आहे का ते बघ.

मग गच्चीवर जा. कोबा फुटलाय का, पॅरापेटमध्ये पिंपळ आहे का, पाणी जायच्या जाळ्या तुंबल्यात का. खाली येताना डक्टमध्ये टॉर्च मारून ड्रेनेजचे पाइप बघ. आणि पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं, तर सोळा फ्लॅट गुणिले चार माणसं म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर, दोन दिवसांना १७,२८०. जमिनीखालच्या टाकीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणून हजाराने गुण. टाकी दहा हजारांचीच निघाली तर टँकर येत असणार. वॉचमनला विचार, तो खरं सांगतो.

सोसायटीच्या चेअरमनकडे तीन कागद माग: शेवटच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, ताळेबंद आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. बऱ्याच ठिकाणी झालेलंच नसतं. मग सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती आहे ते बघ. वीस फ्लॅटच्या जुन्या सोसायटीत लाखभर रुपये असतील तर गच्चीचा खर्च तुझ्याच दारात येणार. इतिवृत्तात मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरलेली असेल तर ती कोण भरणार हे करारनाम्यात लिहून घे. "दोन वर्षांत पुनर्विकास आहे, दुप्पट मिळेल" याला एक रुपयाही जादा देऊ नकोस. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल, म्हणजे अभिहस्तांतरण झालेलं नसेल, तर दोनाची दहा वर्षं होतात. आणि खरंच पाडणार असतील, तर तुझी नवी बाथरूम कशाला?

विसार कमीत कमी दे, चेकने दे, आणि पावतीवर लिहून घे: कागदांतल्या दोषामुळे कर्ज नाकारलं तर विसार परत. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिल्याशिवाय मोठी रक्कम हलवू नकोस.

घर हातात आल्यावर रंगाने सुरुवात करायचा मोह होतो. क्रम असा ठेव: बाथरूम-संडास, नळ, वायरिंग, प्लास्टर, खिडक्या, मग ओटा, शेवटी रंग. पैसे संपले तर शेवटचं राहू दे, पहिलं नको.

बाथरूम नीट समजून घे, तुझा सगळ्यात मोठा खर्च तोच. जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवून गळती थांबत नाही. खालचा भराव काढून मूळ स्लॅब उघडा करावा लागतो. जिथून पाइप स्लॅबमधून खाली जातात तिथली भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करायची, जमीन-भिंतीचा काटकोन गोल करून घ्यायचा, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या भिंतीला सहा फूट. वाळलं की नहाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेव आणि खालच्या घरात जाऊन छत बघ. इथपर्यंत बहुतेक सगळे बरोबर करतात. बिघडतं ते पुढे: त्याच दिवशी संरक्षक प्लास्टर न करता गवंडी आत घमेलं आपटतो, छिन्नी टाकतो, कोटिंग फाटतं आणि कुणाला कळत नाही. म्हणून प्लास्टर झाल्यावर आणखी एकदा पाणी साठवायला लाव. उतार ट्रॅपकडे मीटरला सेंटिमीटरभर तरी हवा. गोळी टाकून बघ, ट्रॅपपर्यंत घरंगळली पाहिजे.

जुने जीआय (लोखंडी) पाइप आतून गंजून निम्मे बंद झालेले असतात, ते सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) कर. टाइल लावण्याआधी रात्रभर दाब देऊन तपास आणि भिंतीतल्या पाइपांचे टेप धरून फोटो काढ. उद्या टॉवेलचा रॉड बसवताना लागतील.

वायरिंगला दिव्यांना १.५, साध्या प्लगला २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येक प्लगला अर्थिंग, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). ती कुठल्याही कारणाने गाळू देऊ नकोस. महावितरणचा मंजूर भार किती आहे तेही बघ.

मोझॅकची जमीन फोडू नकोस. पॉलिश करून घे, नव्या टाइल्सच्या तुलनेत किरकोळ पैशांत होते आणि दिसतेही छान. भिंत पाडायची असेल तर आधी तिची जाडी मोज. जुन्या बिगर-कॉलमच्या इमारतीत नऊ इंची भिंत वरचं घर उचलून उभी असते.

ठेकेदाराला एकरकमी आकडा देऊ नकोस, मोजमापावर दर ठरव, सिमेंट-वायर-पाइप तू आण. दर टप्प्याला काम बघून पैसे, आणि दहा टक्के पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेव. राडारोडा कोण नेणार, हे दर ठरतानाच लिहून घे. दोन महिने काम धर, म्हणून आधी अकरा महिन्यांचा भाडेकरार कर, त्यात एक महिन्याच्या नोटिशीची अट घाल. घाईत अर्धवट घरात राहायला गेलीस की गवंडी तुझ्या वेळेने नाही, त्याच्या वेळेने येतो.

घरं बघायला पाऊस चालू असताना किंवा थांबल्या-थांबल्या जाणं उत्तम. भाड्याने राहून यंदाचा पावसाळा निवडीत गेला तरी हरकत नाही. पसंत पडलेल्या घराच्या विसारपावतीचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव, रात्री पाठवलास तरी वाचेन.

तुझा,
मामा